मुलगी वयात येऊ लागली, हे आईला कधी कळतं?

मुलीची पहिली पाळी आई सहसा विसरत नाही. तारीख सांगता आली नाही तरी इयत्ता सांगते, कुठला सण तोंडावर होता ते सांगते, घरात तेव्हा कोण पाहुणे उतरले होते तेही सांगते. पण मुलीचं वयात येणं काही पाळीपासून सुरू होत नाही. त्याच्या साधारण दोन-अडीच वर्षं आधी स्तनाग्राच्या बरोबर खाली एक लहानशी घट्ट चकती हाताला लागू लागते. पुष्कळदा आधी एकाच बाजूला. काही महिने ती तशीच राहते, दाबलं तर दुखते, आणि फ्रॉकवरून कुणाच्या लक्षातही येत नाही. डॉक्टर हिला थेलार्की म्हणतात. वयात येण्याचे जे पाच टप्पे टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावानं ओळखले जातात, त्यांतला हा दुसरा; पहिला म्हणजे अजून काहीच सुरू न झालेला. खरी सुरुवात ती ही, आणि तिची नोंद जवळजवळ कुठल्याच घरात नसते.

मी बडोद्यात मुलांची डॉक्टर आहे. माझ्याकडे गुजराती घरं जास्त येतात, पण दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतली मराठी कुटुंबंही पुष्कळ, काहींच्या तर दोन पिढ्या मी पाहिल्यात. अधूनमधून एखादी आई अगदी घाबरीघुबरी होऊन येते. "डॉक्टर, हिच्या छातीत गाठ आहे हो, एकाच बाजूला. काही वाईट तर नसेल ना?" मुलगी नऊ-साडेनऊ वर्षांची. मी तपासते आणि सांगते की ताई, घाबरू नका, ही मोठी व्हायला लागलीय. आईचा जीव भांड्यात पडतो आणि पुढच्याच क्षणी ती विचारते, "एवढ्यात?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देताना आम्ही बहुतेक वेळा परदेशी मुलींचे आकडे सांगतो. कोपनहेगनमध्ये १९९१ ते १९९३ या काळात तपासलेल्या मुलींत ही सुरुवात सरासरी १०.८८ वर्षांना होत होती. २००६ ते २००८ मध्ये ती ९.८६ वर्षांवर आली. पंधरा वर्षांत एक वर्ष. जगभरच्या अभ्यासांची मोट बांधून २०२० साली जो हिशेब आला, त्यात १९७७ ते २०१३ या काळात दर दहा वर्षांना जवळजवळ तीन महिन्यांनी हे वय खाली सरकलेलं दिसलं. डेन्मार्कच्या त्याच मुलींत पाळीचं वय मात्र फार थोडं हललं होतं. म्हणजे पाळीचं वय विचारून सुरुवातीचा अंदाज बांधायची जुनी सोय आता पुरत नाही. दोन्हींमधलं अंतर बदलतंय, आणि ते कळायला सुरुवातच विचारावी लागते.

हे कळून करायचं काय, असं एका बाईंनी मला स्पष्टच विचारलं होतं. पहिलं कारण दवाखान्यातलं. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर त्या मुलीला बघायलाच हवं, कारण काहींची हाडं लवकर पिकतात, उंची आधी भराभर वाढते आणि मग वेळेआधी थांबते, आणि क्वचित मेंदूतलं किंवा बीजकोशातलं काही कारण मागे असतं. दुसरं कारण लांबचं. २०१२ साली ११७ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा पाळी जितकी वर्षं लवकर आलेली, तितक्या प्रत्येक वर्षामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. एका बाईच्या आयुष्यात हे फार मोठं नाही, पण लाखो बायकांच्या हिशेबात मोठं आहे. म्हणून आता संशोधकांना पाळीच्या आधीचा काळही मोजायचाय. हजारो मुलींचा. आणि हजारो मुलींना टेबलावर झोपवून तपासणं कुठल्याही प्रकल्पाला झेपत नाही, कुठल्याही शाळेला रुचत नाही, आणि माझ्या मते गरज नसताना ते करूही नये.

इथून आमचं काम सुरू झालं. प्रश्न एकच : आईला नीट विचारलं तर तिचं उत्तर डॉक्टरच्या हाताशी जुळेल का?

प्रश्नावली नव्यानं रचायची गरज नव्हती. १९८८ साली अमेरिकेत पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी मोजपट्टी तयार केली, ती जगभर वापरतात. मुलींसाठी त्यात पाच गोष्टी : उंची झपाट्यानं वाढणं, अंगावर केस येणं, त्वचेतले बदल म्हणजे मुख्यतः पुटकुळ्या, छाती वाढणं आणि पाळी. पाळीला हो किंवा नाही, बाकीच्यांना चार उत्तरं : अजून नाही, नुकतीच सुरुवात, नक्की सुरू झालंय, पूर्ण झाल्यासारखं वाटतं. जोडीला चित्रं. मॉरिस आणि उड्री यांनी १९८० मध्येच रेखाचित्रं दाखवून मुलींना स्वतःचा टप्पा ओळखायला सांगितलं होतं, त्याच धर्तीवर पाच टप्प्यांची साधी रेखाटनं. फोटो वापरायचे नाहीत हे आमच्यात पहिल्याच बैठकीत ठरलं, आणि संशोधन नैतिकतेला धरून आहे ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीनंही पहिला प्रश्न तोच विचारला.

कमिटीपुढे बराच काळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईवडिलांच्या सहीबरोबर मुलीचीही संमती लागते. सात ते अकरा वर्षांच्या मुलीची तोंडी, बारापासून पुढे लेखी. कागदावर ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात त्या ओळीचा अर्थ असा की आई सही करून बसलेली असली आणि मुलगी दारात म्हणाली "मला नाही यायचं", तर तिथंच थांबायचं. असं झालं. आई ओशाळली, "अगं डॉक्टरकाकू आहेत, काय करणार आहेत तुला?" म्हणू लागली. मी तिला म्हटलं, ताई, ती नाही म्हणतेय ना, मग राहू द्या. त्या मुलीची फक्त उंची आणि वजन घेतलं आणि तिला सोडलं.

एका शाळेनं आम्हाला परवानगी नाकारली. मुख्याध्यापकबाईंनी कारण दिलं ते असं की पालकांना वाटेल शाळेत काहीतरी भलतंच चाललंय. दुसऱ्या शाळेत पालकसभेला मी स्वतः गेले, तपासणी शाळेत होणार नाही, दवाखान्यात होईल, आई सोबत असेल, हे गुजरातीत आणि मग मराठीत सांगितलं. मागच्या रांगेतून एक आजी उठून म्हणाल्या, "आमच्या वेळी तर पाळी आली तरी कुणी सांगत नव्हतं. विचारताय ते बरंय." त्यानंतर सह्या मिळायला लागल्या.

या शहरात मुलींचं वय हा जुना विषय आहे. १९०४ मध्ये बडोदे संस्थानानं बालविवाहाविरुद्ध कायदा केला तेव्हा मुलीच्या लग्नाचं वय १२ आणि मुलाचं १६ ठरवलं होतं. पाळी येण्याआधी मुलगी उजवायची हा त्या काळचा आग्रह, आणि सयाजीरावांचा कायदा त्याच्या आड उभा होता. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलींनाही. मला हे आठवतं ते एवढ्यासाठी की त्या आजींच्या आधीच्या पिढीत या शरीराच्या खुणांवर मुलीचं सगळं आयुष्य ठरत होतं. आजही त्या खुणा विचारल्या की घरातली मोठी माणसं आवाज खाली आणतात, त्याचं मूळ तिथं आहे असं मला वाटतं.

प्रत्यक्ष मोजणी सुरू करण्याआधी आम्ही काही आयांबरोबर नुसते प्रश्न वाचून पाहिले. प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग विचारायचं : तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं? मराठी घरं माझ्याकडे होती, गुजराती घरं माझ्या सहकारीबेनकडे. सगळ्या कामातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उंचीचा प्रश्न जवळजवळ निकामी निघाला. वाढत्या मुलीची आई "उंची झपाट्यानं वाढतेय का?" याला हो म्हणणारच, जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म मार्चला आखूड होतो तिच्या डोळ्यांदेखत. केसांच्या प्रश्नाला आया मुलीच्या हातापायांवरची लव सांगत, "हिच्या बाबांवर गेलीय" म्हणत. तिथं काख आणि जांघ असं स्वच्छ म्हणावंच लागलं. आधीच्या मसुद्यात आम्ही "शरीराच्या काही भागांवर" असं गुळमुळीत लिहिलं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय हशील? स्पष्ट विचारलं की आयाही स्पष्ट सांगतात. लाज प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात असली तरच ती त्यांच्याकडे जाते.

छातीच्या प्रश्नावर मात्र बराच वेळ घालवला. आया पाहून सांगतात. फ्रॉकवरून, अंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना. अंघोळीला मुलगी स्वतः जायला लागली की हे पाहणंही बंद होतं, आणि नेमकं तेच वय आठ-नऊचं. "मी काही आता न्हाऊ घालत नाही हो तिला," हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून आलं की आम्ही तो एक प्रश्नच करून टाकला : मुलीला शेवटचं अंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना कधी पाहिलंत? त्या उत्तरावरून पुढच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते ठरवता येतं.

एक चौथीतली मुलगी आईबरोबर आली होती. आई म्हणाली, "नाही नाही, काहीच नाही अजून. बाहुल्या घेऊन झोपते ती." मुलगी शेजारी बसून बाकाचं फाटकं रेक्झिन नखानं उचकटत होती. मी तिला विचारलं, काय गं, कुठं दुखतंबिखतं का तुला? तिनं मान हलवली. मग आईकडे न बघता म्हणाली, "दप्तराचा पट्टा लागतो इथे." बोट ठेवलं ते थेट डाव्या स्तनाग्रावर. "आणि पालथं झोपलं की." आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मग मला नाही का सांगायचं?" मुलगी म्हणाली, "तू म्हणाली असतीस, दप्तरात कशाला एवढं भरतेस."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रश्नावलीत भर घातली. आईला : मुलगी छातीत एका किंवा दोन्ही बाजूंना दुखतं असं म्हणते का, पट्टा लागला, धक्का लागला, पालथं झोपलं तर? तोच प्रश्न मुलीला, वेगळ्या खोलीत, आईशिवाय. सुरुवातीची ती चकती दिसत नाही पण दुखते. जे डोळ्याला कळत नाही ते मुलीच्या अंगाला कळतं, आणि ते विचारायला पैसे पडत नाहीत.

आता तपासणी. ज्याच्याशी आईचं उत्तर ताडून पाहायचं ते माप म्हणजे डॉक्टरचा हात, आणि इथं इतिहासात फार घोळ आहे. मार्शल आणि टॅनर यांनी १९६९ मध्ये मुलींचे टप्पे लिहिले ते इंग्लंडमधल्या १९२ मुलींचे फोटो वर्षानुवर्षं बघून. फोटोला हात लावता येत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत १७,०७७ मुलींचा मोठा अभ्यास आला, त्यात गोऱ्या मुलींत छातीची सुरुवात सरासरी ९.९६ आणि आफ्रिकन-अमेरिकन मुलींत ८.८७ वर्षांना होते असं निघालं आणि खळबळ उडाली. पण त्यातल्या बहुसंख्य मुली नुसत्या पाहून तपासल्या होत्या, आणि टीका झाली ती यावरच : स्थूल मुलीच्या छातीवरची चरबी डोळ्याला वाढलेल्या स्तनासारखीच दिसते. म्हणून आम्ही ठरवलं, चाचपूनच पाहायचं.

खोलीत मुलगी, आई, नर्स आणि मी. पंखा बंद, खिडकीला पडदा, अंगावर ओढायला चादर. आधी हात गरम पाण्यात धरायचे, कारण थंड हात लागला की मुलगी अंग आक्रसते आणि मग काही कळत नाही. मुलगी उताणी झोपते, हात डोक्याखाली. अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंना ठेवून हलकेच कडेकडून मधे आणायची. चरबी असली तर बोटं एकमेकांकडे सरकत जातात, मधे काही अडत नाही, आणि नेमक्या स्तनाग्राखाली तर खोलगट लागतं. ग्रंथी असली तर तिला कड असते. शर्टाच्या बटणासारखी चपटी, रबरी, बोटाखाली किंचित सरकणारी. मुलीच्या कपाळावर आठी पडते, बहुतेक वेळा बोटाला लागण्याआधीच. एवढंच. मिनिटभरही लागत नाही. मग मी फॉर्मवर डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी लिहायची, आणि चादर ओढून द्यायची.

आईनं काय उत्तर दिलंय हे मला तोवर माहीत नसायचं. ते दुसऱ्या खोलीत दुसऱ्या बाईंनी विचारलेलं, पाकिटात बंद. हे पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. आया बोलक्या असतात, दारातून आत येतायेताच सांगतात, "मला तर वाटतं सुरू झालंय." म्हणून नर्सनं आधीच बजावून ठेवायचं की डॉक्टरांना काही सांगायचं नाही. ऐकलं की हाताला तेच लागू लागतं. मी इतकी वर्षं मुलं तपासतेय, तरी मला याचं भय वाटतं, आणि वाटायला हवं.

काही मुलींना माझ्यानंतर दुसऱ्या डॉक्टरनंही तपासलं, माझी नोंद न बघता. टप्पा तीन, चार, पाच यांत आमचं सहज जमायचं. एक आणि दोनच्या सीमेवर मतभेद व्हायचे, म्हणजे नेमके तिथं जिथं सगळा अभ्यास उभा होता. मग आम्ही एकत्र बसलो, किती दाबायचं, मुलगी बसलेली असावी की झोपलेली, एकाच बाजूला लागलं तर काय धरायचं, हे ठरवून लिहून काढलं. एका बाजूला लागलं तरी सुरुवात झाली असं धरायचं ठरलं. ते लिहिल्यावर जुळणी सुधारली. प्रश्नावली हाताशी जुळत नाही असं कुणी म्हणालं, तर मी आता आधी विचारते : दोन हात एकमेकांशी जुळत होते का?

हिशेबाकडे येते. यात एक मोठी फसगत आहे आणि ती डॉक्टरांनाही पुष्कळदा कळत नाही. समजा शंभर मुली घेतल्या आणि त्यांतल्या नव्वद जणींची सुरुवात झालेलीच नाही. एखादी आई काही न बघता, न विचार करता प्रत्येक वेळी "नाही" म्हणत गेली, तरी तिचं उत्तर शंभरात नव्वद वेळा बरोबर येईल. नव्वद टक्के जुळणी! कागदावर झकास दिसतं आणि ज्या दहा मुली शोधायच्या होत्या त्यांतली एकही सापडलेली नसते. यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा नावाचं माप दिलं. नुसत्या योगायोगानं किती जुळलं असतं ते त्यात वजा होतं. वरच्या उदाहरणात कप्पा शून्य येतो. १९७७ साली लँडिस आणि कॉख यांनी ०.६१ ते ०.८० या कप्प्याला चांगली जुळणी म्हटलं, तीच पायरी अजून बहुतेक जण धरतात. त्याखेरीज दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात : सुरुवात झालेल्या मुलींपैकी किती जणींना आईनं "हो" म्हटलं, आणि न झालेल्यांपैकी किती जणींना "नाही". म्हणून आम्ही सहा-सात वर्षांच्या मुली ढिगानं घेतल्या नाहीत. आठ ते अकरा हेच वय मुद्दाम जास्त घेतलं, जिथं उत्तर खरोखर कुठंही जाऊ शकतं.

पाकिटं उघडली तेव्हा जे दिसलं ते आमच्या लहानशा गटापुरतं सांगते.

आयांची चूक आंधळी नव्हती, तिला दिशा होती. अंगानं भरलेल्या मुलींना आया आधीच "सुरू झालंय" म्हणत, आणि चाचपलं तर नुसती चरबी. काटकुळ्या मुलींना "अजून कुठलं" म्हणत, आणि बोटाला बटण लागायचं. चित्रांनी ही चूक कमी झाली नाही, कारण चित्रातही आकारच दिसतो. पहिलं आणि दुसरं चित्र यांत कागदावर फरक असतो तो एका बारीक रेषेचा. ही दिशा महत्त्वाची आहे. कुणी उद्या नुसत्या प्रश्नावलीवरून म्हणालं की जाड मुली लवकर वयात येतात, तर त्यातलं किती खरं आणि किती आईच्या डोळ्यांचं, हे वेगळं काढावंच लागेल. वजनाचा आणि लवकर सुरुवातीचा संबंध इतर अभ्यासांत चाचपूनही दिसलाय, तो मी नाकारत नाही. पण प्रश्नावली तो फुगवते.

दुखण्याच्या प्रश्नानं सडपातळ मुली सापडू लागल्या. आई "नाही" आणि मुलगी "दुखतं" अशी जोडी आली की हाताला बहुतेक वेळा काहीतरी लागायचंच. उलट आई आणि मुलगी दोघीही "नाही" म्हणाल्या तर क्वचितच काही निघायचं.

"माहीत नाही" हे उत्तर आम्ही मुद्दाम ठेवलं होतं. डेटा भरणारा मुलगा सुरुवातीला म्हणाला, मॅडम, हे "नाही"त टाकू का? टाकू नकोस म्हटलं. माहीत नाही म्हणणाऱ्या आयांच्या मुलींत सुरुवात झालेल्या मुली पुष्कळ निघाल्या. ज्या वयात मुलगी दार लावून अंघोळ करायला लागते, त्याच वयात आईला माहीत नसतं. हे उत्तर "नाही"त टाकलं की नेमक्या मोठ्या होऊ लागलेल्या मुलीच यादीतून गळतात, आणि सुरुवातीचं सरासरी वय खोटंच उशिराचं दिसतं.

चौथं उत्तर, "पूर्ण झाल्यासारखं", या वयाला निरुपयोगी ठरलं. "पूर्ण म्हणजे माझ्यासारखं का?" असं आया विचारायच्या.

आणि "कधीपासून?" याचं उत्तर. नुसतं विचारलं तर "झाले असतील चारसहा महिने". सणावारांची दोरी दिली की उत्तर नेमकं येतं, आणि बडोद्यात त्यासाठी नवरात्रासारखं दुसरं काही नाही. "गेल्या नवरात्रात चणियाचोळीची चोळी अंगाला बसली होती का? की उसवून घ्यावी लागली?" एवढं विचारलं की आई ताठ बसते. "थांबा हां. गणपतीत फिटिंगला दिली तेव्हा ठीक होती. आठमीला ही म्हणाली, आई, टोचतंय." जूनचा युनिफॉर्म, दिवाळीचा नवा ड्रेस, मे महिन्यात मामाकडे गेली होती तेव्हा पहिली शमीज आणली, या खुणांवरून महिना लागतो. इथं मराठी घर आणि गुजराती घर असा फरक राहिला नाही, चोळी दोघींचीही उसवावी लागते.

काही मुलींना आम्ही सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. बहुतेक जणी पुढे गेल्या होत्या. थोड्या जणींची आधी लागलेली चकती चक्क नाहीशी झाली होती. असं होतं, वैद्यकात ते माहीत आहे. सुरुवात होते, थांबते, मागे जाते आणि काही काळानं पुन्हा होते. अशा एका मुलीची आई काळजीत पडली, "आता काय बिघडलं?" काहीच बिघडलेलं नव्हतं. पण एकदाच विचारलेल्या प्रश्नावलीत ही मुलगी कायमची "सुरू झालेली" म्हणून बसली असती. म्हणून दर सहा महिन्यांनी विचारणं, आणि मागचं उत्तर आईला न दाखवता विचारणं, हे मी आता आग्रहानं सांगते.

या सगळ्यातून माझं मत पक्कं झालंय ते असं. हजार मुलींचं सरासरी वय काढायचं असेल, दोन गट ताडून पाहायचे असतील, तर नीट रचलेली प्रश्नावली पुरते, आणि तिच्यातली चूक कुठल्या दिशेची हे माहीत असलं तर हिशेबात दुरुस्तही करता येते. त्यासाठी सगळ्यांना टेबलावर झोपवू नये. गटातल्या थोड्या मुली तपासाव्यात, बाकीच्यांना विचारावं. पण समोर एकच मुलगी असेल आणि वय आठच्या आत असेल, तर कागदावरच्या कुठल्याही उत्तरावर विसंबायचं नाही. तिथं हात लागतो, उंचीचा आलेख लागतो, गरज पडली तर हाडं किती पिकलीत ते बघायला डाव्या हाताचा एक्सरे आणि रक्ताची तपासणी लागते. फोनवर "काही नसतं, मोठी होतेय" असं सांगून मी अशी मुलगी कधी टाळत नाही. आलेखासाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते माझ्या टेबलावर असतात. वर्षभरातल्या दोन उंच्या असल्या तर निम्मं निदान तिथंच होतं.

आठच्या पुढच्या मुलीची आई "एवढ्यात?" म्हणते तेव्हा मी तिला सांगते की हे वय चुकीचं नाही, पाळीला अजून बहुधा दोनेक वर्षं आहेत, आणि ती दोन वर्षं मुलीशी बोलायला आहेत. आजची तारीख फाइलवर लिहून घ्या, कुठल्या बाजूला लागलं तेही लिहा, दर सहा महिन्यांनी उंची मोजा. आणि आज घरी गेल्यावर तिला दप्तराचा पट्टा लागतो का, ते विचारा.